ऋणमोचन आणि उतराई : ख्रिस्ती दयाविचारातील एक प्रश्न

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दृष्टान्त हिशेबाच्या भाषेत सांगितलेला आहे. राजाचे दहा हजार तालान्तांचे देणे असलेला एक चाकर त्याच्या पाया पडतो. राजा ते सारे देणे सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला कैदेत घालतो. एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे माफ झालेले ऋण सहा कोटी दिवसांच्या कष्टाचे आणि मागितलेले शंभर दिवसांच्या. प्रमाण सहा लाखांस एक. लातूर-नांदेडकडच्या कोरडवाहू मुलखात, जेथे सावकाराची वही घरोघर परिचयाची होती, तेथे हा दृष्टान्त समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. प्रभूच्या मराठी प्रार्थनेतही पापाऐवजी ‘ऋण’ हाच शब्द राहिला आहे.

दृष्टान्ताचा रोख मात्र केवळ क्षमेवर नाही. सहा कोटी दिवसांचे देणे कोणीही फेडू शकत नाही. तेव्हा देवाच्या दयेला उतराई होणे ही गोष्ट देवाच्या बाबतीत अशक्यच ठरते. मग कृतज्ञतेने जावे कोठे? दृष्टान्ताचे उत्तर असे की तिने मागे, धनकोकडे, न जाता पुढे, तिसऱ्याकडे, जावे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने ख्रिस्ती आचरणाचा सगळा भाग ‘कृतज्ञता’ या शीर्षकाखाली घातला, तो याच विचाराने. सत्कृत्य ही दयेची किंमत नव्हे, तिचा परिणाम होय. तथापि दृष्टान्तात राजा शेवटी आपली माफी परत घेतो, आणि या ठिकाणी टीकाकारांची अडचण होते, हेही नाकारता येत नाही.

शब्दांकडे पाहिले असता विषय अधिक स्पष्ट होतो. ग्रीक ‘खारिस’ या एकाच शब्दात कृपा आणि आभार हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्यांची फारकत झाली आहे. राजाला चाकराची दया आली हे सांगताना मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद येते ते आतड्यांशी संबंधित आहे. ‘आतडे तुटणे’ हा आपला वाक्प्रचार त्याला कोणत्याही संस्कृत शब्दापेक्षा जवळचा आहे. हिब्रूतील ‘रहमीम’ हा शब्द ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, याच्याशी निगडित आहे, आणि निजामी राजवटीत राहिलेल्या मराठवाड्याच्या कानांवरून दखनीमार्गे गेलेला ‘रहम’ त्याचाच अरबी सहोदर.

या विचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे होय. १८७४ मध्ये दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. पुढे इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनींनी त्यांना फुलहॅमचे पतित स्त्रियांचे आश्रयगृह दाखविले. अशा स्त्रियांची इतकी काळजी का घेतली जाते, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविण्यात आली. आधी दया दिसली, तिचे कारण नंतर कळले. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या, त्यांना केडगावी आसरा दिला. तेथेच पुढे फुलहॅमच्या धर्तीवर ‘कृपासदन’ निघाले. दुष्काळातून वाचलेली मुलगी दुष्काळातील मुलींकडे गेली, ही उतराईची पुढची दिशा.

परंतु येथे एक तिढा आहे, आणि चरित्रकारांनी तो टाळू नये. १८९३ मध्ये पुण्यातील शारदासदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या तेव्हा रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. उपाशी व निराधार मुलीच्या संमतीला संमती म्हणावे काय, हा त्यांचा आक्षेप केवळ सनातनी म्हणून उडवून लावता येत नाही. दया करणाऱ्याच्या हाती सत्ता येते. घेणाऱ्याकडून श्रद्धेच्या रूपाने परतफेडीची अपेक्षा ठेवली, तर माफ झालेल्या ऋणाची जागा दुसरे ऋण घेते, आणि दाता नकळत त्या चाकराच्या जागी उभा राहतो. रमाबाईंच्या बाजूने एवढे म्हणता येते की प्रार्थनेची सक्ती केल्याचा आरोप त्यांनी मान्य केला नाही. पण सक्ती नसणे आणि दबाव नसणे यांत अंतर आहे.

उतराई तिसऱ्याकडे वळते ही गोष्ट ख्रिस्ती समाजापुरती मर्यादित नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. औसा व उमरगा तालुक्यांतील गावे उद्ध्वस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. देशोदेशींहून, ज्यांची नावेही येथे कोणाला माहीत नव्हती अशांकडून, मदत आली. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील बचतगटांच्या स्त्रिया आपला पुनर्वसनाचा अनुभव घेऊन तेथील स्त्रियांकडे गेल्या. ज्यांनी दिले त्यांना परत देण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. ख्रिस्ती मांडणीशी येथे एकच फरक उरतो : तेथे पहिला धनको एक आहे आणि त्याचे नाव ठाऊक आहे, किल्लारीत तो असंख्य आणि अनोळखी होता.