राष्ट्राचे सण आणि मुलांचा प्रश्न

ख्रिस्तसभेच्या पंचांगाशी आपला परिचय बालपणापासूनचा. नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानाचा सण, सर्व संतांचा दिवस, मृतांचा दिवस, अशा दिवसांच्या ओळीतून आपले वर्ष पुढे सरकत असते. हे दिवस पाळावयाचे कशासाठी, याचे उत्तर पवित्र शास्त्रानेच दिलेले आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटणाऱ्या इस्राएली लोकांना वल्हांडणाचा विधी लावून देताना मोशेने त्यांना बजावून ठेवले, की पुढे तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना सुटकेची हकीगत सांगा. सणाचे सारे मर्म यात आले. मुलाने प्रश्न विचारावा आणि वडीलधाऱ्यांनी उत्तर द्यावे, यासाठी सण असतो. उत्तर देणारेच गप्प राहिले, तर सणाचे केवळ गोडधोड उरते; त्याचा आत्मा निघून जातो.

राष्ट्राच्या सणांनाही हाच न्याय लागू आहे. कणकुंबी हे खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे, सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. येथील ऑगस्ट महिना म्हणजे रात्रंदिवस कोसळणारा पाऊस. अशा पावसात छत्र्या सांभाळीत मुले १५ ऑगस्टला शाळेत जातात, ध्वजाला वंदन करतात, राष्ट्रगीत गातात आणि मिठाई घेऊन घरी परततात. ‘आज शाळेत काय होते?’ असे आपण त्यांना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एका शब्दाचे येते: ‘झेंडावंदन.’ आणि त्यांनी आपल्याला ‘झेंडावंदन कशासाठी?’ असे उलट विचारले तर? तेथे आपल्यापैकी कितीजणांची जीभ अडखळेल, याचा प्रत्येक कुटुंबाने प्रामाणिकपणे विचार करावा.

प्रथम साध्या गोष्टी पाहू. २६ जानेवारी हा दिवस सहजगत्या निवडलेला नाही. १९२९ च्या डिसेंबरात लाहोर येथे राष्ट्रसभेने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि १९३० च्या २६ जानेवारीस देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यात आली. पुढे १९४७ साली स्वातंत्र्य मिळाले ते १५ ऑगस्टला. तेव्हा जुन्या प्रतिज्ञेच्या दिवसाचे विस्मरण होऊ नये म्हणून, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आणली गेली. दोन्ही दिवसांच्या ध्वजविधीतही भेद आहे. स्वातंत्र्यदिनी ध्वज खालून वर चढवितात, कारण त्या दिवशी परकीयांचा ध्वज उतरून आपला चढला. प्रजासत्ताकदिनी ध्वज आधीच वर बांधलेला असतो व तो केवळ उलगडतात, कारण स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने त्या दिवशी आपली घटना उलगडली. एवढे सांगितले तरी मुलाच्या डोळ्यांपुढे दोन दिवसांची दोन वेगळी चित्रे उभी राहतात.

बाकीच्या दिवसांचेही तसेच. ३० जानेवारीस सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावयाचे, ते गांधीजींच्या हौतात्म्याच्या स्मरणार्थ. ५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. त्याच तारखेस आपण कोलकात्याच्या संत तेरेजा यांचाही सण साजरा करतो. २ ऑक्टोबर गांधीजींचा तसाच लालबहादूर शास्त्रींचाही जन्मदिवस. १४ नोव्हेंबर पंडित नेहरूंचा, म्हणजे बालदिन. आणि २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा संविधानदिन ठरला आहे.

परंतु तारखा पाठ होणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे. स्वातंत्र्याची कथा दिल्लीची आणि लाहोरची आहे, आपल्या मुलखाशी तिचा संबंध नाही, असा समज आपल्या मुलांत सहज रुजतो. तो खोटा आहे. १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन बेळगावास भरले, आणि ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषविले ते हेच. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर ‘काँग्रेस विहीर’ म्हणून प्रसिद्ध झाली आणि तेथेच पुढे वीरसौध हे स्मारक उभे राहिले. शाळेची सहल दूरदेशी नेण्यापूर्वी एकदा तेथे न्यावी. ज्या ध्वजाला मूल वंदन करते, त्याच्या खादीचे नाते तर शेजारच्या जिल्ह्याशी आहे. धारवाड जिल्ह्यातील गरग हे गाव राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी नावाजलेले, आणि हुबळीच्या बेंगेरी भागात खादी संघाच्या कामगार भगिनींनी शिवलेले ध्वज देशभर गेलेले आहेत.

त्याहूनही आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट १९१६ सालची आहे. त्या वर्षीच्या एप्रिलात बेळगाव येथील प्रांतिक परिषदेच्या वेळी लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. तिच्या अध्यक्षपदी जे गृहस्थ बसले ते जोसेफ बॅप्टिस्टा, मुंबईच्या माझगावचे कॅथलिक बॅरिस्टर. लोक त्यांना आदराने ‘काका’ म्हणत. पुढे ते मुंबईचे महापौर झाले आणि कामगारांच्या चळवळीतही त्यांनी मोठे कार्य केले. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जन्मलेल्या स्वराज्यसंघाचा पहिला अध्यक्ष एक कॅथलिक होता, ही गोष्ट आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

घाटाखाली गोव्याकडे पाहावे. चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा हे कॅथलिक कुटुंबातच जन्मलेले. त्यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समितीची स्थापना केली. १९४६ साली पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडून पोर्तुगालमधील पेनिशेच्या किल्ल्यात ठेवले. १९५८ साली मुंबईत त्यांचे देहावसान झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आपल्यापैकी अनेकांचे सोयरसंबंध गोव्यात आहेत. त्या घरांत १९ डिसेंबरला हे नाव निघावयास हवे.

आम्ही या नावांवर भर देतो, यास कारण आहे. ‘तुमचा धर्म बाहेरचा’ असा टोमणा आपल्या मुलाला केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो. कधी वर्गात, कधी खेळाच्या मैदानावर. ज्या मुलाला काहीच ठाऊक नाही ते मान खाली घालते, किंवा रागाने हात उचलते. ज्याला ठाऊक आहे ते शांतपणे उत्तर देऊ शकते. घटनासमितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते. मंगळूरचे येशूसंघीय धर्मगुरू जेरोम डिसोझा त्याच सभेचे सभासद होते. स्वतंत्र भारताच्या कायदेमंडळांत ख्रिस्ती लोकांसाठी राखीव जागा असाव्यात की नाहीत, हा प्रश्न निघाला तेव्हा आपल्या पुढाऱ्यांनी त्या जागांचा हट्ट धरला नाही. आपल्या देशबांधवांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी विश्वास ठेवला. तो विश्वास हा आपल्या समाजाचा वारसा होय, आणि २६ जानेवारीस तो मुलांच्या हाती द्यावयाचा आहे.

देशप्रेम हा श्रद्धेला बाहेरून जोडलेला दागिना नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले आहे, की परमेश्वराच्या खालोखाल आपण आईवडिलांचे व मायभूमीचे ऋणी असतो. प्रभू येशूने यरुशलेमेकडे पाहून अश्रू ढाळले. आपल्या लोकांवर प्रेम नसते तर ते अश्रू आले नसते. मात्र त्या प्रेमात आंधळेपणा नव्हता. नगरीचे दोष त्याला दिसत होते, म्हणूनच तो रडला. आपल्या देशाचे गुण गाणे व त्याच्या दोषांबद्दल दुःख होणे ही एकाच प्रेमाची दोन अंगे होत. १५ ऑगस्ट हा आपल्याकडे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचाही सण आहे. हे दोन सण एका दिवशी आले, म्हणजे एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे नाही. मिस्सेची वेळ अशी ठेवावी, की मुलांना शाळेतील ध्वजवंदन चुकणार नाही आणि ध्वजवंदनामुळे मिस्साही चुकणार नाही.

आता एका नाजूक विषयास हात घालणे भाग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली व आपला मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या तारखेस राज्यभर राज्योत्सव होतो आणि सीमाभागातील अनेक मराठी माणसे काळा दिन पाळतात. दोन्हींच्या मध्ये मूल उभे असते. त्याला आपण काय सांगावे? वादाचा निकाल देणे हे धर्मगुरूचे काम नव्हे. त्यासाठी न्यायालय आहे, लोकप्रतिनिधी आहेत. पण एवढे आम्ही निश्चित सांगू, की स्वतःच्या भाषेवर प्रेम करावयास शेजाऱ्याच्या भाषेचा द्वेष शिकावा लागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे ३५० अ हे कलम सांगते. धर्माच्या वा भाषेच्या अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालविण्याचा हक्क ३० व्या कलमाने दिला आहे. कणकुंबीच्या मुलाला मराठीतून धडा शिकण्याचा जो आधार आहे तो या घटनेत आहे. मग प्रजासत्ताकदिन त्याच्यासाठी दूरचा कसा? कणकुंबीच्या डोंगरात उगवलेली मलप्रभा पूर्वेस वाहत कृष्णेला मिळते, आणि तेथलाच कळसा नाला म्हादईच्या वाटेने पश्चिम समुद्रास जातो. एका डोंगराचे पाणी दोन दिशांना जाऊनही डोंगर दुभंगत नाही. माणसांनीही एवढे शिकावे.

राष्ट्रगीताच्या बाबतीत १९८६ सालचा एक निकाल शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावा. केरळातील एका ख्रिस्ती पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु पंथाच्या समजुतीमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आपण कॅथलिक लोक राष्ट्रगीत मनापासून गातो, आणि गावे. तथापि जे राष्ट्र तीन मुलांच्या विवेकाचाही मान राखते, त्याचे गीत गाताना उर अधिकच भरून यावा.

शेवटी काही साध्या सूचना. राष्ट्रीय सणाच्या आदल्या रात्री, रोझरी झाल्यावर, वडिलांनी किंवा आजोबांनी पाच मिनिटे त्या दिवसाची हकीगत सांगावी. मुलाला भाषण पाठ करून पाठवावयाचे असेल, तर त्यात एक तरी वाक्य त्याचे स्वतःचे असावे. सणाच्या संध्याकाळी रस्त्यावर पडलेले कागदी ध्वज मुलांनी गोळा करावेत. ध्वजसंहितेप्रमाणे ते जमिनीवर टाकावयाचे नसतात. शाळांमधून घटनेची उद्देशिका वाचण्याचा दंडक कर्नाटक शासनाने २०२३ साली घातला आहे. तिच्यातील न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या चार शब्दांपैकी एक शब्द घेऊन, आपल्या गावात तो कोठे दिसतो आणि कोठे दिसत नाही, हे मुलांना शोधावयास लावावे. विहिरीवर, पंचायतीत, वर्गातल्या बाकावर, आणि आपल्या मंदिराच्या दारातही.

जोडून आलेल्या सुट्टीत सहलीला जाण्यास आमचा विरोध नाही. मात्र निघण्यापूर्वी ध्वजाखाली दहा मिनिटे उभे राहावे, आणि वाटेत मुलाने प्रश्न विचारला तर त्यास उत्तर द्यावे. पूर्वजांनी तुरुंगवास सोसला, लाठ्या खाल्ल्या, प्राणही दिले. त्यांची हकीगत सांगण्याचे सोपे काम तेवढे आपल्या वाट्यास आले आहे. तेही आपण शाळेवर सोपवून मोकळे झालो, तर उद्या आपल्या नातवंडांना काय विचारावे हेदेखील कळणार नाही.