कुकरच्या शिट्टीचा हिशेब

बालाघाटच्या पठारावरील लातुरात उघड्या पातेल्यातले पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते, त्याहून सखल नांदेडला ९९ च्या आसपास. उकळी फुटल्यावर आच कितीही वाढवली, तरी तापमान तेवढेच राहते. वाढते ती फक्त वाफ. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे २८५ किलोज्यूल लागतात, तर त्याची पूर्ण वाफ व्हायला आणखी २,२६० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट!

कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १२० अंशांजवळ उकळते. हा दाब शिट्टीचे वजन ठरवते, ज्योत नव्हे. पुन्हा पुन्हा शिट्टी होणे म्हणजे विकत घेतलेली वाफ सोडून देणे. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करावी. वरण, भात, बटाटे एकावर एक डब्यांत लावले, की एकाच वाफेत घरादाराचा स्वयंपाक होतो. (मग प्रत्येकाने वेगळ्या वेळी जेवून वरण चारदा गरम केले, तर बचत संपलीच!)

बोअरच्या दुष्फेन पाण्यात मात्र तूरडाळ अडून बसते. त्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणारे पेक्टिन घट्ट करते. सोड्याने डाळ मऊ होते, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. आम्ही सुचवू, ती साठवलेल्या पावसाच्या पाण्यात तासभर भिजवून त्यातच शिजवावी. दोन्ही पाण्यांत डाळ शिजवून वेळ मोजण्याचा प्रयोग आठवीच्या मुलांनाही जमेल.