एकट्याचा डाव, यंत्राचे दैव

एकट्याने खेळायच्या बैठ्या खेळांत प्रतिस्पर्ध्याची जागा दैव घेते. पिसलेला कॅट, फाशाचे दान किंवा सोंगट्यांची सरमिसळ रास खेळाडूपुढे अडचण मांडते आणि त्याने तिच्यातून वाट काढायची असते. खेळ रंगायला दैव आणि अक्कल दोन्ही लागतात. नुसते दैव असले तर हातात काहीच उरत नाही. सापशिडी एकट्याने खेळायला बसले तर फासा टाकून सोंगटी सरकवण्यापलीकडे काम नसते. नुसती अक्कल असली तर खेळाचे कोडे होते, आणि एकदा सुटलेले कोडे पुन्हा सोडवण्यात गंमत नसते. पत्त्यांचा पेशन्स, महजाँगच्या सोंगट्यांचा मनोरा, फाशांवर चालणाऱ्या साहसकथा हे सगळे या दोन टोकांच्या मधले खेळ आहेत.

या खेळांत खेळाडूला आणखी एक काम करावे लागते. ते म्हणजे दैवाची चाकरी. पत्ते पिसायचे त्यानेच, मांडायचे त्यानेच, फासा टाकून तक्त्यात निकाल शोधायचा त्यानेच आणि लबाडी झाली तर स्वतःला हटकायचेही त्यानेच. खेळ संगणकावर आला की ही चाकरी यंत्र उचलते. वरकरणी ही नुसती सोय वाटते. पण पत्ते हाताने पिसले जात होते तोवर जे प्रश्न कोणी विचारतच नव्हते, त्यांची उत्तरे आता खेळ घडवणाऱ्याला द्यावी लागतात. दैव आणायचे कुठून, ते किती कठोर ठेवायचे, खेळलेली चाल परत घेऊ द्यायची की नाही? अशा खेळांचे डिजिटल रूप घडते ते या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून.

अंथरुणातला प्रश्न

पेशन्स आणि संगणक यांचे नाते पडद्यावरच्या पत्त्यांहून जुने आहे. १९४६ साली गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम आजारातून उठत असताना कॅनफिल्ड नावाचा पेशन्स लावत वेळ काढत होते. ५२ पत्त्यांचा हा डाव लागण्याची शक्यता किती, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी आधी हिशेबाने उत्तर काढून पाहिले, पण आकडेमोड हाताबाहेर जाऊ लागली. मग त्यांना सुचले की डाव शंभर वेळा मांडावा आणि त्यांतले किती लागले ते सरळ मोजावे. हाताने ते कंटाळवाणे होते, पण नव्याने आलेल्या संगणकाला असल्या कामाचा कंटाळा नव्हता. उलाम यांनी ही कल्पना जॉन फॉन नॉयमन यांच्या कानावर घातली. तिचा पहिला मोठा उपयोग अणुभट्टी आणि अणुबाँबमधल्या न्यूट्रॉनांचा प्रवास अजमावण्यासाठी झाला. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या मॉन्टे कार्लो शहराचे नाव या पद्धतीला मिळाले. आज हवामानापासून शेअर बाजारापर्यंतचे अंदाज तिच्यावर चालतात.

सात ओळी, अठ्ठावीस पत्ते

संगणकावर सर्वाधिक पसरलेला पेशन्स म्हणजे क्लोंडाइक. पत्त्यांच्या सात ओळी मांडतात. पहिल्या ओळीत एक पत्ता, दुसरीत दोन, असे करत सातवीत सात, म्हणजे एकूण २८ पत्ते मांडले जातात. प्रत्येक ओळीतला शेवटचा पत्ता उघडा आणि बाकीचे २१ पालथे असतात. उरलेले २४ हातातल्या गड्डीत राहतात. लालवर काळा, काळ्यावर लाल असे उतरत्या क्रमाने पत्ते लावत पालथे पत्ते मोकळे करायचे आणि एक्क्यापासून राजापर्यंत चारही रंग वर चढवायचे. काळ्या नव्वीवर ठेवायला बदामची अठ्ठी आणि चौकटची अठ्ठी दोन्ही उघड्या असतील, तर कोणती उचलायची हे तिच्याखाली काय दडले आहे त्यावर ठरायला हवे. पण तेच दिसत नसते. या खेळातली सगळी ओढ त्या न दिसण्यात आहे.

मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करणारा वेस चेरी याने १९८८ च्या सुमारास हा खेळ विंडोजसाठी लिहिला. १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० बरोबर तो घरोघरी पोहोचला. पत्त्यांची चित्रे सुझन केअर यांची होती. मॅकिन्टॉश संगणकाची सुरुवातीची चिन्हे त्यांनीच काढली होती. बहुतेकांच्या हाती माउस तेव्हा नवा होता. एखादी वस्तू दाबून धरायची, ओढत न्यायची आणि हव्या जागी सोडायची, ही क्रिया पत्त्यांच्या निमित्ताने बोटांत बसली. साहेब जवळ आल्यास पडद्यावर कामाचे खोटे दृश्य आणणारे बटणही चेरीने ठेवले होते, पण कंपनीने ते काढायला लावले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयाने हा खेळ व्हिडिओ गेमच्या जागतिक मानकऱ्यांत घेतला.

हाताने खेळताना क्लोंडाइकचे किती डाव मुळात लागण्याजोगे असतात, हे कोणालाच माहीत नव्हते. पत्ते अडले की खेळाडू कॅट गोळा करून पुन्हा पिसत असे. चूक आपली होती की पत्त्यांची, हा प्रश्न तिथेच मिटत असे. २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित चार संशोधकांनी, ज्यांत गणितज्ञ पर्सी डायकॉनिस होते, एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सगळे पत्ते उघडे ठेवले होते. एका मुरलेल्या खेळाडूने असे २,००० डाव खेळले. एका डावाला त्याला सरासरी २० मिनिटे लागली आणि ३६.६ टक्के डाव लागले. संशोधकांच्या प्रोग्रॅमने सुमारे ७० टक्के डाव लावले. पुढे अधिक ताकदीच्या संगणकांनी दाखवले की गड्डीतून तीन-तीन पत्ते काढण्याच्या प्रकारात सुमारे ८२ टक्के डावांना उत्तर असते. म्हणजे शंभरातले अठरा डाव खुद्द पत्ते पिसणाऱ्यालाही सोडवता येणार नाहीत.

पिसण्याचे गणित

हाताने पिसलेले पत्ते वाटतात तितके सरमिसळ होत नाहीत. कॅट दोन भागांत तोडून पाने एकमेकांत गुंतवत पिसले, तर ५२ पत्ते नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावे लागते, असे डेव्ह बायर आणि डायकॉनिस यांनी १९९२ मध्ये दाखवले. पेशन्स लागल्यानंतर चारही रंग क्रमाने लागलेले असतात. तो कॅट दोन-तीनदा पिसून पुन्हा मांडला, तर जुन्या डावाचा क्रम नव्या डावात शिल्लक राहतो.

संगणकाची अडचण वेगळी आहे. त्याला पिसता येत नाही, फक्त गुणाकार-बेरीज करता येते. तो एक बीजसंख्या घेतो, ठरलेल्या सूत्रातून ती फिरवतो आणि मिळालेल्या आकड्यांनुसार पत्ते लावतो. बीज तेच असले तर डावही तोच येतो. विंडोजवरच्या फ्रीसेल या खेळात हे उघडच दिसे. तिथे प्रत्येक डावाला क्रमांक होता आणि तो क्रमांक हेच बीज होते. जुने बीज २१४०१३ ने गुणायचे, त्यात २५३१०११ मिळवायचे आणि आलेल्या संख्येचा ठरावीक तुकडा वापरायचा, एवढ्यावर पत्त्यांचे दैव ठरत असे. ५२ पत्ते जितक्या क्रमांनी लागू शकतात ती संख्या लिहायला ६८ अंक लागतात. ३२ बिटांचे बीज मात्र जास्तीत जास्त ४२९ कोटी डाव देऊ शकते. यंत्राच्या दैवाला अशी कुंपणे असतात.

या कुंपणातूनच एक नवी गंमत निघाली. फ्रीसेलमध्ये सुरुवातीला ३२,००० क्रमांकित डाव होते आणि त्यातले सगळे पत्ते उघडे असत. दैव फक्त वाटपापुरते होते. १९९४ मध्ये डेव्ह रिंग यांनी स्वयंसेवक जमवून हे सारे डाव वाटून दिले आणि खेळून घ्यायला सुरुवात केली. शेवटी एकच डाव कोणालाही सुटला नाही, क्रमांक ११९८२. पुढे संगणकांनीही त्याला उत्तर नसल्याचे दाखवले. हाताने पिसलेला डाव मोडला की कायमचा जातो. क्रमांक मिळालेला डाव मात्र दुसऱ्याला देता येतो, त्यावर वाद घालता येतो, आणि तो अशक्य आहे हे सिद्धही करता येते.

उलट बांधलेला मनोरा

महजाँगच्या १४४ सोंगट्यांचा एकट्याचा खेळ खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाला तो संगणकावरच. स्टॅनफर्डचा विद्यार्थी ब्रोडी लॉकार्ड १९७९ मध्ये व्यायामपटूंच्या सरावात पडला आणि त्याचे हातपाय निकामी झाले. तोंडात धरलेल्या काठीने कळा दाबत त्याने १९८१ मध्ये प्लेटो या शैक्षणिक संगणक-यंत्रणेवर हा खेळ लिहिला. १९८६ मध्ये ॲक्टिव्हिजनने तो ‘शांघाय’ नावाने बाजारात आणला.

कासवाच्या आकाराच्या मूळ मांडणीत सोंगट्यांचे पाच थर असतात. खालून वर ८७, ३६, १६, ४ आणि माथ्यावर १. ज्या सोंगटीवर दुसरी नाही आणि जिची डावी किंवा उजवी बाजू मोकळी आहे, तीच उचलता येते. सारख्या दोन सोंगट्या जोडीने काढत मनोरा संपवायचा. टेबलावर एवढे रचायला बराच वेळ जातो आणि डाव पाच मिनिटांतही अडू शकतो. इतकी मेहनत करून कोणी रोज खेळणार नाही. संगणकाने रचण्याचे श्रम काढून घेतले, तेव्हाच हा खेळ फावल्या वेळाचा झाला.

सोंगट्या कशाही ठेवल्या तर कासव मांडणीतल्या सुमारे ३ टक्के डावांना उत्तरच नसते. यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी साधा उपाय काढला. मनोरा उलट बांधायचा. रिकाम्या मांडणीतून शेवटी निघणारी जोडी आधी ठेवायची, मग तिच्या आधी निघणारी, अशा क्रमाने सगळ्या जागा भरायच्या. असा मनोरा सोडवण्याची एक वाट नक्की असते, कारण तो त्याच वाटेने बांधलेला असतो.

पिसण्यातून सुटका

बेल्जियममधले ऑपेरा गायक शादी तोरबे यांनी रचलेला ‘ओनिरिम’ २०१० मध्ये आला. त्याच्या मूळ कॅटात ७६ पत्ते आहेत: ५८ दालने, ८ दारे आणि १० दुःस्वप्ने. हातात पाच पत्ते धरून एकाच रंगाची तीन दालने ओळीने मांडली की त्या रंगाचे एक दार उघडते. लागोपाठच्या दोन पत्त्यांवर मात्र एकच चिन्ह चालत नाही. कॅट संपण्याआधी आठही दारे उघडायची. दुःस्वप्न निघाले की दंड ठरलेला. एक किल्ली, म्हणजे किल्लीचे चिन्ह असलेले दालन, द्या, मिळालेले दार परत करा, हातातले सगळे पत्ते टाका किंवा कॅटाच्या माथ्यावरचे पाच पत्ते जाळा. किल्ली आपणहून टाकली तर पुढचे पाच पत्ते बघता येतात. त्यांतला एक फेकायचा आणि चार हव्या त्या क्रमाने परत ठेवायचे. दैव चोरून बघण्याची ही किंमत आहे.

टेबलावर या खेळाचा जाच असा की दार शोधण्यासाठी कॅट चाळावा लागतो आणि मग तो पिसावा लागतो. अवेळी निघालेले दार बाजूला ठेवावे लागते आणि नंतर तेही पिसून आत घालावे लागते. पाव तासाच्या डावात पत्ते खेळण्याइतकाच वेळ पिसण्यात जातो. २०१७ मध्ये अस्मोदे डिजिटलने खेळाचे ॲप काढले आणि ते काम क्षणात होऊ लागले. नियम एकही बदलला नाही, पण डाव कितीतरी आटोपशीर झाला.

जिथे चाकरी हाच खेळ असतो

सगळे खेळ मात्र असे नसतात. अमेरिकेतल्या ॲव्हलॉन हिलने १९८३ मध्ये काढलेला ‘बी-१७: क्वीन ऑफ द स्काइज’ हा खेळ दुसऱ्या महायुद्धातल्या एका बाँबफेकी विमानाचा आहे. दहा जणांच्या तुकडीने २५ मोहिमा पार पाडायच्या असतात. हवामान, शत्रूची विमाने, गोळी कुठे लागली, कोण किती जखमी झाले, हे सगळे फासे टाकून तक्त्यांत शोधायचे. खेळाडूचे निर्णय मोजकेच, उदाहरणार्थ कोणत्या तोफेने कोणत्या विमानावर मारा करायचा. संगणक हे फासे पापणी लवेपर्यंत टाकील, पण मग खेळाडूपुढे निकालाचा कागद तेवढा उरेल. जखम कोणाला झाली हे कळायच्या आधी फासा हातात घोळवण्याचा जो क्षण असतो, त्यासाठी हा खेळ खेळला जातो. इथे चाकरी काढली की खेळही निघून जातो.

स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांच्या १९८२ च्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ या खेळ-पुस्तकात दैव हा खर्चायचा साठा आहे. एका फाशाच्या दानात ६ मिळवून नशिबाचा आकडा ठरतो. नशीब आजमावायचे तर दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्याइतकी किंवा कमी आली तर नशीब पावले. पण पावो वा न पावो, प्रत्येक वेळी आकडा एकाने घटतो. पुस्तकाच्या ४०० क्रमांकित उताऱ्यांत वाचक मागच्या पानात बोट घालून पुढे जात आणि मरण आले की बोट ठेवलेल्या पानावर परतत. जॅक्सन यांच्या ‘सॉर्सरी!’ या मालिकेला इंकल या ब्रिटिश कंपनीने २०१३ पासून डिजिटल रूप दिले, तेव्हा लढाईतले फासे काढून डावपेच आणले आणि कोणत्याही जुन्या वळणावर परतायची सोय दिली. पानातले बोट असे नियमात आले.

बोल कोणाला लावायचा

चाल परत घेण्याचे बटण हे त्याच बोटाचे दुसरे रूप आहे. हाताने पेशन्स लावताना पालथा पत्ता हळूच उचलून पाहणे ही लबाडी होती. ती स्वतःशीच असली तरी मनाला टोचत असे. पडद्यावर पत्ता उघडायचा, आवडला नाही तर चाल मागे घ्यायची, हे अधिकृत आहे. अमर्याद मागे जाता येत असेल तर पालथे पत्ते नावालाच पालथे राहतात, आणि क्लोंडाइक दैवाच्या खेळाकडून कोड्याकडे सरकतो. म्हणून काही रूपांत मागे घेतलेल्या चालींचे गुण कापतात, तर काहींत एकच पाऊल मागे जाता येते.

नव्या रूपांत न सुटणारे डाव आधीच वगळण्याची रीतही पडली आहे. मायक्रोसॉफ्टच्या पेशन्स-संग्रहातल्या रोजच्या आव्हानांना उत्तर असल्याची हमी असते. शंभरातले ते अठरा डाव खेळाडूपुढे येतच नाहीत. सुटणारा डावही हातचा जातोच, कारण कोणत्या अठ्ठीखाली एक्का आहे हे उचलण्यापूर्वी कळत नाही. तेवढे दैव यंत्रानेही शिल्लक ठेवले आहे. पण पत्ते अडल्यावर कॅट गोळा करताना खेळाडू ‘आज पत्तेच वाईट पडले’ असे म्हणून मोकळा होत असे. हमीच्या डावात त्याला तसे म्हणता येत नाही.