कामाचा हिशेब – लेखांक ६ : चार घरं सोडायची का?

मागच्या लेखांकात पगारातून होणाऱ्या कपाती पाहिल्या. या आठवड्याचा प्रश्न अर्धवेळ कामाचा आहे: हातातलं थोड्या पैशांचं, पण सवयीचं काम सोडून जास्त पैशांच्या कामाला जावं का? त्यासाठी अँटॉप हिल निवडलं, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू तिथे पायी फिरून पाहता येतात. एकीकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आणि काणे नगर. वडाळ्याच्या अंगाला दोस्ती एकर्ससारखी संकुलं आणि त्यापलीकडे लोढाचे मनोरे. मध्ये कोकरी आगार, संगम नगर, विजय नगर, बंगालीपुरा. या वस्त्यांमधल्या बायका त्या इमारतींमधली धुणीभांडी, लादी, चपात्या करतात. एक बाई तीन-चार घरं धरते, सकाळी निघते आणि मुलं शाळेतून यायच्या सुमारास परतते.

घरकामाचे पैसे तासावर ठरत नाहीत, कामावर ठरतात. भांड्यांचे इतके, लादीचे इतके, कपड्यांचे इतके, घरात माणसं जास्त असली तर थोडे वर. त्यामुळे आपल्या एका तासाला काय मिळतं, हे काढायची वेळ सहसा येत नाही. ती वेळ मार्च २०२५ मध्ये आली. अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस पाठवण्याची सेवा सुरू केली. आधीचं नाव ‘इन्स्टा मेड्स’ होतं, त्यावर टीका झाली आणि ते ‘इन्स्टा हेल्प’ झालं. ग्राहकासाठी सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये होता. काम करणाऱ्या बाईला मात्र तासाला १५० ते १८० रुपये मिळतील, आरोग्य आणि अपघात विमा असेल आणि महिन्याला १३२ तास, म्हणजे २२ दिवस रोज सहा तास, काम केलं तर किमान २०,००० रुपयांची हमी असेल, असं कंपनीने जाहीर केलं. स्नॅबिट, प्रॉन्टो अशा आणखी कंपन्याही याच धंद्यात उतरल्या.

आता हिशेब मांडू. पुढचे चार घरांचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकीने त्या जागी आपले घालावेत.

समजा एका बाईकडे चार घरं आहेत आणि त्यांचे मिळून महिन्याला ११,००० रुपये येतात. प्रत्येक घरी एक तास, महिन्यात दोन खाडे धरून २८ दिवस काम. म्हणजे ११२ तास, आणि तासाला साधारण ९८ रुपये. कंपनीच्या हमीचा भाग केला तर १५१ रुपये पडतात. एवढंच पाहिलं तर विचार करायला काही उरत नाही, तासाला ५३ रुपये जास्त आहेत.

पण बाईचा दिवस कामाच्या तासांनी संपत नाही. चार घरांमधलं चालणं, लिफ्टची वाट, गेटवरची नोंद यांचा रोज अर्धा तास धरा. महिन्याचे १२६ तास होतात आणि दर ८७ वर येतो. आता हाच न्याय ॲपच्या कामाला लावू. सहा तास प्रत्यक्ष कामाचे भरायचे तर दोन कामांच्या मधलं थांबणं आलं, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाणं आलं. त्यासाठी रोज आठ तास हजर राहावं लागलं आणि जाण्या-येण्याचा एक तास धरला, तर २२ दिवसांचे १९८ तास झाले. २०,००० भागिले १९८ म्हणजे १०१ रुपये. त्रेपन्न रुपयांचा फरक चौदावर आला.

इथे थांबून ‘म्हणजे सगळं सारखंच’ म्हणणंही बरोबर नाही. महिन्याला ९,००० रुपये जास्त येतात आणि त्यासाठी ७२ तास जास्त जातात. त्या वाढीव तासांचा दर निघतो १२५ रुपये. पाचवं घर धरून एवढा दर मिळणार नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की ते ७२ तास बाईकडे मोकळे आहेत का? मुलं मोठी असतील, घरी सासू किंवा जाऊबाई स्वयंपाक पाहत असेल, तर ते तास तिला विकता येतात. घरी पाच वर्षांचं मूल असेल, दुपारी पाणी येत असेल, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर ते तास आधीच खर्ची पडलेले असतात, फक्त त्यांचे पैसे कोणी देत नाही. ज्यांनी अर्धवेळ काम निवडलं त्यांनी ते बहुतेक वेळा याच कारणाने निवडलेलं असतं. तेव्हा ‘ती जास्त का कमवत नाही’ असं विचारणाऱ्याने आधी तिच्या दुपारच्या वेळेत काय काय बसवलेलं आहे ते पाहावं.

हमीचीही नीट चौकशी हवी. १३२ तास म्हणजे कामाचे की हजेरीचे? त्या भागात बुकिंग कमी आली आणि ११० तासच भरले, तर १५० च्या दराने १६,५०० हातात येतात, आणि दोन दिवस ताप आला तर त्याहून कमी. शिवाय ग्राहकाकडून ४९ रुपये घेऊन बाईला दीडशे द्यायचे तर मधले पैसे कंपनीच्या तिजोरीतून जातात. कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारात आली, त्यानंतरच्या तिच्या जाहीर निकालांत ही सेवा तोट्यात होती. तोट्यात चालणाऱ्या सेवेतला आजचा दर पुढच्या वर्षीही तसाच राहील हे गृहीत धरून चार घरं सोडणं मला धोक्याचं वाटतं.

कागदावर न येणारी बाजूही मोजायला हवी. दिवाळीला एका पगाराचा बोनस मिळत असेल तर ११,००० चे महिन्याला जवळपास ९१७ रुपये वाढले. शाळेची फी भरायची वेळ आली की कामाच्या घरच्या वहिनींकडून उचल मिळते, ती व्याजाशिवाय चार महिन्यांत फिटते. हीच रक्कम बाहेरून घेतली तर व्याज किती पडलं असतं, ते हिशेबात धरावं. या गोष्टी कुणाच्या मेहेरबानीने सुरू झालेल्या नाहीत. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस या मागण्या त्या चळवळीने लावून धरल्या. आज एखाद्या घरात बोनस न मागता मिळतो, त्याच्यामागे त्या बायकांची लढाई आहे.

अर्धवेळ कामाचं सगळ्यात मोठं बळ मात्र घरं अनेक असण्यात आहे. सरकारी वसाहतीत साहेबांची बदली होते, कुणी निवृत्त होऊन गावी जातं, क्वार्टर रिकामं पडतं. एक घर सुटलं तरी तीन राहतात. पाव उत्पन्न जातं, चूल चालू राहते, आणि जाणारं कुटुंब पुष्कळदा नव्या बिऱ्हाडाला तिचं नाव सांगून जातं. ॲपमध्ये मालक एकच असतो. ग्राहकाने कमी तारे दिले, तक्रार केली, आयडी बंद झाला, तर सगळंच एका दिवशी थांबतं. दाद कुठे मागायची, तर फोनमधल्या एका खिडकीत. घरच्या मॅडमशी निदान दारात उभं राहून बोलता येतं.

तरीही मी घरांची बाजू एकतर्फी घेणार नाही. वेगळा कप, वेगळी बशी, इमारतीत वापरायला बाथरूम नाही, महिन्याभराच्या गावच्या सुट्टीत मालकांनीच कापलेला पगार, हे अजून संपलेलं नाही. हातात रोख येतं, पण कमाईचा कागद राहत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. ॲपच्या कामाचे पैसे खात्यात जमा होतात आणि नोंद राहते, ही बाईसाठी खरी कमाई आहे. सरकारी मदतही नोंदीमागेच येते. महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केला. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत जाहीर झालेले १,५०० रुपये नोंदणी झालेल्या घरकामगारांसाठीच होते, बाकीच्यांच्या हाती काही लागलं नाही. दुसरीकडे, ॲपवरच्या कामगारांनाही धरणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा या कामगारांच्या सुरक्षा निधीत द्यायची तरतूद आहे. त्यातून हातात काय पडतं, ते योजना उभ्या राहिल्यावर दिसेल.

तिसरी वाट कॉन्ट्रॅक्टरकडच्या हाउसकीपिंगची. समजा १५,००० पगार ठरला. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० आणि ईएसआय विम्याचा पाऊण टक्का म्हणजे ११३ कापून हातात १३,०८७ येतात. बायकांना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तो कापला जात असेल तर विचारावं. हातातली रक्कम ॲपपेक्षा कमी दिसते, पण कापलेल्या पीएफइतकीच भर मालकाने घालायची असते. ईएसआयमध्ये पुरेसे दिवस भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, बाळंतपणात २६ आठवडे. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच विम्याचं. शीवचं टिळक रुग्णालय जवळ आहे आणि स्वस्तही आहे, पण तिथे रांगेत गेलेला दिवस घरकामवालीच्या पगारात खाडा म्हणूनच पडतो.

या नोकरीची अडचण अंतराची. लोअर परळच्या ऑफिसात सकाळी सातची पाळी असेल तर कोकरी आगारातून निघायचं किती वाजता? अँटॉप हिलहून थेट लोअर परळला जाणारी मोनोरेल मार्च २०१९ मध्ये आली, पण सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणांसाठी बंद ठेवली गेली. अशा नोकरीच्या हिशेबात प्रवासाचे तास आणि भाडं पहिल्या ओळीत लिहावं. आणि पीएफचा नंबर हातात पडून पासबुकात पैसे दिसेपर्यंत कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी शब्दावर घरं सोडू नयेत.

माझं मत विचाराल तर सांगतो. ज्या बाईचे दुपारचे तास खरोखर मोकळे आहेत आणि कुणाची उचल फिटायची राहिलेली नाही, तिने नव्या कामाला जावं, पण सगळ्यात जुनं, सगळ्यात जवळचं एक घर हातात ठेवून. पहाटेचं भांड्यांचं काम पाळीआधी उरकत असेल तर ते सोडू नये. बाकीची घरं सोडताना महिनाभर आधी सांगावं आणि शक्य तर बहिणीला किंवा शेजारणीला ‘बदली’ म्हणून लावून द्यावं, म्हणजे तीन महिन्यांनी परत यावं लागलं तर दार उघडं राहतं. हे तीन महिने प्रत्यक्ष हातात आलेले पैसे आणि घराबाहेर गेलेले तास वहीत लिहावेत. जिला दुपारी घरी असणं भाग आहे, तिने राहावं, पण आहे त्याच दरात राहू नये. आजवर मागायला आधार नव्हता, आता बाजारात तासाला दीडशे बोलले जातात. ९८ चे १२० करून मागणं वाजवी आहे, आणि चार घरांपैकी आधी त्या घरी मागावं जे गेलं तरी चालेल.

हा मजकूर वाचणाऱ्या पुष्कळ घरांत बाई कामाला येते, म्हणून दुसऱ्या बाजूच्या वाचकांशीही बोलतो. केंद्र सरकारच्या नोकरीत महागाई भत्त्याचा आढावा वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, होतो. त्याच इमारतीत भांडी घासणाऱ्या बाईचा दर ती धीर करून बोलेल तेव्हाच वाढतो. महागाई दोघांना एकाच बाजारात भेटते. आपला भत्ता ज्या महिन्यात वाढेल त्याच महिन्यात, त्याच टक्क्याने तिचा पगार वाढवावा, तिने मागायची वाट न पाहता. महिन्याला दोन नव्हे, चार दिवस पगारी सुट्टी द्यावी. ती गावी गेली तर पगार कापू नये. पैसे खात्यात भरावेत, आणि मंडळाच्या नोंदणीसाठी ‘ही आमच्याकडे काम करते’ असं लिहून द्यायला कचरू नये. मुख्य म्हणजे तिने जास्त पैशांच्या कामाची गोष्ट काढली की ‘इतकी वर्षं सांभाळलं’ असं ऐकवू नये. तिने हिशेब मांडला आहे, आपणही तिच्यासमोर बसून मांडावा: ती किती वेळ देते, आपण किती देतो आणि अजून किती देऊ शकतो.

पुढच्या लेखांकात नोकरी सोडताना अडकणाऱ्या पैशांकडे वळू: उरलेला पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि पीएफ काढण्याची पद्धत.