बिनतारी टपाल आणि मराठी पत्र

आमच्या लहानपणी परभणीहून मामांचे पत्र येत असे. आतील मजकूर मराठी. वरचा पत्ता मात्र इंग्रजीत. काचीगुड्याच्या आमच्या पोस्टमनला तेलुगू व उर्दू उत्तम येई, इंग्रजी कामापुरते, आणि मराठी मुळीच नाही. तरी त्याच्या हातून मामांचे एकही पत्र चुकल्याचे आम्हांस स्मरत नाही. पत्त्यापलीकडे काही वाचण्याची त्याला गरजच नव्हती. ह्या पोस्टमनची आठवण पुन्हा होण्याचा योग गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी आमच्याच गच्चीवर आला.

आमचा एक जुना विद्यार्थी हौशी रेडिओचालक आहे. अशा मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, केवळ हौसेने व शिकण्याच्या इच्छेने ही माणसे बिनतारी यंत्रांवरून परस्परांशी बोलतात. त्यातून पैसा मिळविण्यास मनाई असते. आमच्या हैदराबादेत १९८३ पासून ह्या विद्येची एक राष्ट्रीय संस्था आहे, हे येथील वाचकांस ठाऊक असेलच. तर हा विद्यार्थी एक संगणक, हातात मावणारे बिनतारी यंत्र आणि पुस्तकाएवढी एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आला नि म्हणाला, “सर, आज रेडिओवर बोलायचं नाही, लिहायचं.” त्याचा परवानाधारक मित्र सिकंदराबादेस आपल्या घरी अशीच सामग्री मांडून बसला होता.

ह्या लेखनाला ‘पॅकेट रेडिओ’ म्हणतात. पॅकेट म्हणजे पुडी. किराणा दुकानदार पोतेभर साखर पुड्यांतून देतो, तसा लांबलचक मजकूर लहान लहान पुड्यांत बांधून पाठवायचा. प्रत्येक पुडीवर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे सांकेतिक नाव असते, मग मजकूर, आणि शेवटी एक पडताळ्याची संख्या. घेणारा ती संख्या स्वतः काढून पाहतो. जुळली तर पोच देतो. न जुळली तर पुडी टाकून देतो, आणि पोच न मिळाल्यामुळे पाठविणारा ती पुन्हा पाठवितो. एका पुडीत बहुधा २५६ बाइटपर्यंत मजकूर मावतो.

ह्या कल्पनेचा बिनतारी उगम हवाई बेटांत आहे. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरील टंकयंत्रे रेडिओने एका संगणकास जोडली. त्या जाळ्यास त्यांनी ‘अलोहा’ असे नाव दिले. हौशी मंडळींत हा मान कॅनडाकडे जातो. मे १९७८ मध्ये माँट्रियलच्या हॅमांनी पहिल्या पुड्या हवेत सोडल्या. पुढे व्हँकुव्हरच्या गटाने त्यासाठी एक पेटी घडविली. अमेरिकेतील टूसॉन शहरच्या मंडळींनी १९८५ मध्ये काढलेली सुधारित पेटी तर इतकी लोकप्रिय झाली की, तिच्या नकला देशोदेशी निघाल्या. आमच्या गच्चीवरची पेटी त्याच घराण्यातली.

ह्या पेटीचे नाव ‘टर्मिनल नोड कंट्रोलर’. तिची एक बाजू संगणकाकडे, दुसरी बिनतारी यंत्राकडे. संगणकाकडून आलेली अक्षरे ती पुडीत बांधते आणि त्या पुडीचे रूपांतर दोन सुरांत करते. एक सूर सेकंदास १२०० कंपनांचा, दुसरा २२०० कंपनांचा. बिनतारी यंत्राला वाटते, कोणी शिटी वाजवीत आहे. ते बिचारे ती शिटी इमानाने पलीकडे पोहोचविते. वेग सेकंदास १२०० बिट, म्हणजे फार तर दीडशे बाइट. आजच्या मुलांना हा वेग गोगलगाईचा वाटेल. पण त्यात कोणत्याही कंपनीची तार नाही, मनोरा नाही, मासिक बिल नाही.

पहिल्या तीन खेपा व्यर्थ गेल्या. कारण साधे होते. कळ दाबल्यापासून बिनतारी यंत्र प्रत्यक्ष बोलू लागेपर्यंत क्षणाचा काही अंश जातो, आणि तेवढ्यात पुडीचे डोके हवेतच हरवते. पेटीला ‘जरा थांबून मग बोल’ असे सांगताच सिकंदराबादेहून पोच आली. पडद्यावर इंग्रजीतून कुशल विचारणे झाले. मग आम्ही म्हणालो, “अरे, मराठीत लिही की.” त्याने ‘नमन’ हा शब्द टंकिला. पलीकडे जे उमटले ते त्याने आम्हांस फोनवरून वाचून दाखविले: तिरका फराटा, डॉलरचे चिन्ह, उघडा कंस, पुन्हा फराटा, डॉलर, पूर्णविराम, पुन्हा फराटा, डॉलर, कंस. तीन अक्षरांची नऊ चिन्हे, त्यांत आमचे नमन कोठेच नाही.

ह्यात मौज अशी की, पेटी बिघडलेली नव्हती. तिच्या जन्मकाळी मजकूर म्हणजे इंग्रजी मजकूर, असेच गृहीत होते. एका बाइटात आठ बिट असतात. इंग्रजी लिपीला त्यांतील सात पुरतात. म्हणून पेटी आठवा बिट निरुपयोगी समजून छाटून टाकते. आज संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते आणि त्या तिन्हींत आठवा बिट भरलेला असतो. तो छाटला की ‘न’चा डॉलर आणि कंस होतो. आठवा बिट राखण्याची आज्ञा त्या पेटीला देता येते खरी. पण ती देण्याचे आधी कोणाला सुचावयास हवे. पेटी आपल्या समजुतीप्रमाणे पत्र ‘सुधारून’ देत होती. आमच्या पोस्टमनने मामांचे पत्र फोडून, त्याला न येणारी अक्षरे खोडून मग आम्हांस दिले असते, तर जे झाले असते तेच येथे झाले.

हीच अडचण, पण वेगळ्या कारणाने, १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हॅमांनाही आली होती. फिल कार्न नावाच्या हॅमने ज्या नियमांवर आजचे इंटरनेट चालते ते नियम पाळणारी आज्ञावली घरगुती संगणकासाठी लिहिली. तिचे नाव ‘के-ए-नाइन-क्यू’, म्हणजे त्याचेच सांकेतिक नाव. परंतु पेटीचे शहाणपण मध्ये येई. पोच केव्हा द्यावी, काय राखावे, काय गाळावे, हे सारे तीच ठरवी. तेव्हा कार्न व माइक चेपोनिस ह्यांनी १९८७ मध्ये एक अगदी साधी रीत मांडली. संगणकाने पूर्ण पुडी बांधून द्यावी. पेटीने तीत काय आहे हे न पाहता ती हवेत सोडावी, आणि हवेतून आलेली अखंड पुडी तशीच परत द्यावी. पुडी कोठे सुरू झाली व कोठे संपली, एवढे दाखविणारी एक खूण दोन्ही टोकांस असावी. मजकुरातच तीच खूण आली, तर तिच्याऐवजी ठरलेली जोडखूण लिहावी. ह्या रीतीचे नाव ‘किस’. ‘सोपे ठेव, वेड्या’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे होत. वर्गात उच्चारण्यास नाव अंमळ अवघड, पण बोध अचूक आहे.

विद्यार्थ्याने आपली पेटी ह्या रीतीवर आणली, मित्रालाही तसेच करावयास सांगितले, आणि पुन्हा ‘नमन’ धाडले. या खेपेस उत्तर देवनागरीतच आले: “नमस्कार सर”. पेटीला मराठी आली नव्हती. तिने फक्त ढवळाढवळ थांबविली होती.

आता तर पेटीचीही गरज उरलेली नाही. संगणकातील ध्वनीचे साधन आणि ‘डायर वुल्फ’सारखी विनामूल्य आज्ञावली मिळून तेच सूर काढतात व ओळखतात, मात्र इतर आज्ञावलींशी त्यांचे बोलणे अजून त्याच ‘किस’ रीतीने चालते. संगणकाची दुसरी बाजू इंटरनेटला जोडली की तो वेशीवरचा दरवाजा होतो. हॅमांच्या अशा जाळ्यासाठी हँक मॅग्नस्की ह्यांनी १९८१ मध्येच ४४ ह्या अंकाने सुरू होणारे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मिळवून ठेवले होते. पत्ते दुर्मीळ होऊन त्यांना सोन्याचे मोल आले, तेव्हा २०१९ मध्ये त्यांतील एक चतुर्थांश ॲमेझॉन कंपनीस विकले गेले. आलेला पैसा ह्या विद्येच्या व शिक्षणाच्या कामी लावला जातो. तरी आपल्याला न विचारता सामायिक गायरान विकले, अशी खंत अनेक हॅमांनी बोलून दाखविली.

पण हा दरवाजा उघडणे म्हणजे नुसती तार खोचणे नव्हे. हौशी रेडिओवरून अर्थ लपविणारी गुप्त भाषा चालत नाही आणि व्यापारही चालत नाही. आजचे बहुतेक इंटरनेट कुलूपबंद लिपीत व व्यापारासाठी चालते. म्हणून काय आत सोडायचे, ह्याची जबाबदारी दरवाजा राखणाऱ्या परवानाधारकावर असते. येथे प्रत्येक पुडी म्हणजे पोस्टकार्ड. वाटेत कोणीही वाचावे. आणि लहर एकच, बोलणारे अनेक. म्हणून आधी ऐकावे, दुसरा बोलत असेल तर थांबावे, तो थांबला तरी सर्वांनी एकदम तुटून पडू नये. ह्यासाठी ‘किस’ रीतीत युक्ती आहे: लहर मोकळी दिसताच यंत्र मनाशी एक फासा टाकते, आणि दान पडले तरच बोलते. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या कोणाही शिक्षकास हा नियम पटेल.

सामग्री आवरताना विद्यार्थी म्हणाला, “सर, माझी मुलगी मराठी बोलते, पण लिहीत नाही. आजीला निरोप धाडते तोसुद्धा इंग्रजी अक्षरांत.” आम्हांस काही बोलावयास सुचले नाही, आमच्या घरची गोष्टही निराळी नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांच्या मनात एक समजूत असते की, परमुलुखात भाषा टिकत नाही ती वाहकामुळे. पोस्टमनला येत नाही, यंत्राला येत नाही, कचेरीला येत नाही. एके काळी यंत्रापुरते ते खरेही होते. पण ज्या दिवशी पेटीने पत्र फोडणे सोडले, त्या दिवसापासून ही सबब संपली. पुडीतील २५६ बाइटांत देवनागरीची पंच्याऐंशी चिन्हे मावतात. आजीला खुशाली कळविण्यास तेवढी पुरे आहेत.

पुढच्या रविवारी तो मुलीला घेऊन येणार आहे. पाठविण्याची कळ तो दाबील. मजकूर तिने आपल्या हाताने, मराठीत लिहून आणावयाचा, असे आम्ही त्याला सांगून ठेविले आहे.