उंबरठ्यावरील परीक्षा

संशोधनक्षेत्रांत स्त्रियांची संख्या अल्प कां, असा प्रश्न निघाला कीं त्याचें उत्तर बहुधा स्त्रियांच्या बुद्धींत किंवा आवडींत शोधलें जातें. वस्तुतः तें पुष्कळदां प्रवेशद्वारापाशींच सांपडतें. मार्गदर्शक, प्रयोगशाळेंतील जागा आणि पहिली नेमणूक या तीन गोष्टी आरंभींच्या चार-पांच वर्षांतच ठरतात. तेथें झालेली हानि पुढें सहसा भरून निघत नाहीं.

कमला भागवत, म्हणजेच पुढील काळांतील डॉ. कमला सोहोनी, यांचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १९३३ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी मिळविली. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. तेव्हां कमलाबाईंनीं तेथेंच अर्ज करावा, हें स्वाभाविक होतें. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनीं तो अर्ज नाकारला. गुणांची उणीव नव्हती. अर्जदार स्त्री होती, एवढेंच कारण.

कमलाबाईंनीं बंगलोर गांठून जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष उमेदवारीचें धरावयाचें. कामानें संचालकांचें समाधान झालें तरच प्रवेश कायम व्हावयाचा. आणि पुरुष सहकाऱ्यांचें लक्ष विचलित होतां कामा नये.

शेवटची अट नीट पाहिली पाहिजे. लक्ष दुसऱ्याचें ढळावें आणि दोष मात्र हिच्या माथीं यावा! शिवाय एखादा विद्यार्थी नापास झाला तर तो एकटाच नापास होतो. कमलाबाई अयशस्वी ठरत्या, तर तो निकाल समस्त स्त्रीजातीचा ठरता.

त्या यशस्वी ठरल्या. वर्षअखेर रामन यांचें समाधान झालें आणि इतर मुलींनाही संस्थेचें दार उघडलें. १९३६ सालीं एम.एस्‌सी. होऊन त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावरील कार्याबद्दल १९३९ सालीं त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं अध्यापन केलें व तिचें संचालकपदही भूषविलें.

परंतु हें यश त्या अटींचें समर्थन नव्हे. त्यांच्या घरांत दोन रसायनज्ञ होते. बंगलोरपर्यंत जाऊन वाद घालण्याचें बळ होतें. ज्यांच्यापाशीं तें नव्हतें, त्यांनीं नकाराचें पत्र घडी करून पेटींत ठेवलें असेल. आज असा नकार कोणी उघड लिहीत नाहीं. तथापि नेमणुकीचीं वर्षें आणि मातृत्वाचीं वर्षें बहुधा एकच येतात, आणि लग्नाविषयींचा प्रश्न अजूनही मुलीलाच अधिक विचारला जातो. उंबरठ्यावरील परीक्षा संपलेली नाहीं. तिची प्रश्नपत्रिका तेवढी बदलली आहे.