डिजिटल छायाचित्रांचे फाइल प्रकार

डिजिटल छायाचित्रांचे फाइल प्रकार म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रकाशाची माहिती संगणकीय स्वरूपात साठवण्याच्या ठरावीक पद्धती होत. रॉ, जेपीईजी, टिफ, पीएनजी आणि एचईआयएफ हे छायाचित्रणात प्रामुख्याने वापरले जाणारे प्रकार आहेत. टिपलेल्या माहितीपैकी किती राखली जाते, किती गाळली जाते आणि कोणत्या टप्प्यावर गाळली जाते, हा त्यांच्यातील मुख्य फरक आहे. एकदा गाळलेली माहिती मूळ स्वरूपात परत मिळत नाही. म्हणून मूळ छायाचित्र कोणत्या प्रकारात साठवायचे, हे ते टिपण्यापूर्वीच ठरवावे लागते.

पार्श्वभूमी

कॅमेऱ्यातील सेन्सरवर लक्षावधी प्रकाशसंवेदी बिंदू असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. ही रचना कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी विकसित केली. तिचे एकस्व त्यांना १९७६ मध्ये मिळाले. प्रत्येक बिंदूवरील उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात.

२४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात २ कोटी ४० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचे तीन रंग प्रत्येकी एका बाइटमध्ये साठवल्यास सुमारे ७२ मेगाबाइट जागा लागते. एवढी जागा व्यापू नये म्हणून माहितीचे संकोचन केले जाते. हानिरहित संकोचनात मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळते. हानियुक्त संकोचनात मानवी डोळ्याला सहज न जाणवणारे बारकावे गाळले जातात, त्यामुळे फाइल बरीच लहान होते.

रॉ आणि जेपीईजी : भिगवणचे उदाहरण

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचा फुगवटा पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भिगवण परिसरापर्यंत पसरतो. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. कुंभारगाव व आसपासच्या गावांतून मच्छीमारांच्या होड्यांमधून त्यांचे छायाचित्रण केले जाते. रोहिताचे अंग पांढरट गुलाबी असते. पंख उघडताच त्यावरील लालसर आणि काळी पिसे दिसतात. एकाच चौकटीत अतिउजळ आणि अतिगडद भाग येत असल्याने दोन्ही प्रकारांतील फरक येथे ठळकपणे जाणवतो.

जेपीईजी प्रकारात कॅमेरा स्वतःच रंगांचा समतोल, उजळपणा आणि ठळकपणा ठरवून छायाचित्र तयार करतो. १९९२ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या या पद्धतीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांतील सूक्ष्म चढउतार कमी अचूकतेने नोंदवले जातात. प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठवता येतात. उन्हातील पांढरी पिसे या प्रक्रियेत एकसारखी पांढरी झाल्यास त्यांतील रेषा नंतर उघड करता येत नाहीत.

रॉ फाइलमध्ये सेन्सरने नोंदवलेली मापे जवळपास प्रक्रियेविना साठवली जातात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी ४,०९६ आणि १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. पहाटेच्या प्रकाशाने आलेला निळसरपणा कमी करणे किंवा काळ्या पिसांतील तपशील उजळवणे त्यामुळे सुलभ होते. मात्र प्रकाश सेन्सरच्या मर्यादेपलीकडे गेला असल्यास रॉ फाइलमध्येही तपशील उरत नाही. रॉ म्हणजे योग्य प्रकाशमापनाला पर्याय नव्हे.

रॉ फाइल मोठी असल्याने कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती लवकर भरते. थवा उडताना सलग छायाचित्रे घ्यायची असल्यास जेपीईजीमध्ये साधारणपणे अधिक चौकटी मिळतात. अनेक कॅमेऱ्यांत दोन्ही प्रकार एकाच वेळी साठवण्याची सोय असते.

रॉ हा एकच प्रकार नाही. कॅननच्या सीआर२ व सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू अशी अनेक उत्पादकांची स्वतंत्र रचना आहे. जुन्या फाइली भविष्यात उघडता याव्यात या हेतूने ॲडोबी कंपनीने २००४ मध्ये डीएनजी हा जाहीर तपशील असलेला प्रकार आणला.

इतर प्रकार

टिफ : आल्डस कंपनीने १९८६ मध्ये तयार केलेला प्रकार. यात प्रत्येक रंगासाठी १६ बिट आणि हानिरहित संकोचन वापरता येते. मुद्रणासाठी आणि संपादित प्रतीच्या जतनासाठी तो उपयुक्त आहे. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ फाइल संकोचनाविना सुमारे १४४ मेगाबाइटची होते.

पीएनजी : १९९६ मध्ये प्रमाणित झालेला हानिरहित प्रकार. सपाट रंग, अक्षरे, बोधचिन्हे आणि पारदर्शक पार्श्वभूमी यांसाठी तो योग्य ठरतो. बारामती एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीतील उत्पादनाचे चित्र पार्श्वभूमी काढून संकेतस्थळावर ठेवायचे असल्यास पीएनजी सोयीचा असतो. जेपीईजीमध्ये पारदर्शकता साठवता येत नाही आणि अक्षरांच्या कडांभोवती डाग उमटू शकतात. मात्र निसर्गदृश्यासाठी पीएनजी फाइल जेपीईजीपेक्षा बरीच मोठी होते.

एचईआयएफ : ॲपलने २०१७ मध्ये आयफोनमध्ये स्वीकारल्याने प्रसार झालेला प्रकार. जेपीईजीच्या तुलनेत तो कमी जागेत तशीच गुणवत्ता देऊ शकतो आणि १० बिट रंगही साठवू शकतो. मात्र सर्व संगणकांवर व संकेतस्थळांवर तो उघडतोच असे नाही.

संकेतस्थळांसाठी गूगलने २०१० मध्ये वेबपी आणला, तर एव्हीआयएफ हा प्रकार २०१९ मध्ये आला. हे दोन्ही प्रकार प्रामुख्याने प्रसारणासाठी वापरले जातात.

गैरसमज

जेपीईजी फाइल उघडल्याने किंवा तिची नक्कल केल्याने गुणवत्ता घटत नाही. संपादन करून ती पुन्हा जेपीईजीमध्ये साठवल्यावर घट होते. जेपीईजीचे टिफमध्ये रूपांतर केल्यास पुढील हानी टळते, परंतु आधी गाळलेले बारकावे परत येत नाहीत.

व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली फाइल सहसा पुन्हा संकुचित होते आणि तिच्यातील दिनांक, स्थळ व कॅमेऱ्याविषयीच्या नोंदी निघून जातात. पक्षिनिरीक्षणात अशा नोंदींना महत्त्व असते. एखादा पक्षी कोठे व केव्हा दिसला हे मूळ फाइलवरून पडताळता येते. फाइल दस्तऐवज म्हणून पाठवल्यास ती मूळ स्वरूपात पोहोचते. वन्यजीव छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धांमध्ये चित्रात फेरफार झाला आहे का, हे तपासण्यासाठी अंतिम फेरीत रॉ फाइल मागितली जाते.

निवड

मूळ छायाचित्रासाठी रॉ, संपादित प्रतीसाठी १६ बिट टिफ आणि प्रसारणासाठी जेपीईजी अशी विभागणी रूढ आहे. बातमीसाठी छायाचित्र तत्काळ पाठवायचे असल्यास थेट जेपीईजी वापरणे सयुक्तिक ठरते. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त संग्रहात रॉ फाइली स्वीकारल्या जात नाहीत. तेथे छायाचित्रे मुख्यतः जेपीईजीमध्ये दिली जातात. रॉ फाइलपासून जेपीईजी प्रत केव्हाही पुन्हा तयार करता येते, परंतु जेपीईजीपासून रॉ फाइल तयार करता येत नाही. त्यामुळे प्रसारणासाठी कोणताही प्रकार वापरला, तरी मूळ फाइल न बदलता आणि किमान दोन ठिकाणी जतन करणे आवश्यक मानले जाते.